वजनाचा रकाना

"बाई, पाचला कुलूप. मग दुरुस्तीसाठी दोन वर्षं हे सरकारी दप्तर कुणाच्या बापालाही दिसायचं नाही," दप्तरी म्हणाला आणि कैदी बायकांची वही त्याने टेबलावर आपटली. धूळ उडाली. ती शिंकली नाही. तराजूपुढे श्वास रोखायची तिला प्रयोगशाळेतल्या एकवीस वर्षांची सवय होती.

डॉक्टरांनी आईला आठ दिवस दिले होते. त्यातले सहा संपले होते. ऐंशी वर्षांच्या आईचा एकच धोशा होता, माझा भाऊ शोध. आई चार वर्षांची असताना तिच्या आईला नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि समुद्रापलीकडच्या कैद्यांच्या वसाहतीत पाठवलं. अंगावर पिणारं मूल तेवढं सोबत नेता येई. वर्षाचा भाऊ गेला, आई मावशीकडे राहिली. "त्याला नेलं, मला टाकलं," हे घरात तिन्हीत्रिकाळ ऐकू येई. भांडण मिठावरून असो की लग्नावरून, शेवट तिथेच. आता मात्र सूर उतरला होता. "असेल गं तो कुठेतरी. त्याला एवढंच विचार, आई माझं नाव काढायची का."

आजीचा क्रमांक आज दुपारी सापडला. दोनशे सोळा. मुलांना क्रमांक नसे, म्हणून मुलं वहीत नसत. दर महिन्याला तीनच रकाने : काम, प्रकृती, वजन. काम शिवण. प्रकृती ठीक. वजन एकशे बारा पौंड, मग एकशे तेरा, एकशे बारा, एकशे तेरा. पाचव्या महिन्यात सत्त्याण्णव. सहाव्यातही सत्त्याण्णव. पुढे एकोणीस वर्षं आकडा शंभरावर गेला नव्हता, आणि मग ओळच संपली होती.

"आजारी पडली असेल," दप्तरी खांद्यावरून डोकावत म्हणाला. "आमची मंडळी तापात अशीच उतरली होती. तेवढाच महिना घरात शांतता."

"तापातून उठलेलं माणूस पुढे हळूहळू भरतं. ही भरलीच नाही. आणि प्रकृती ठीक लिहिलीय, कामही तेच."

"मग कारकुनाची चूक."

"चूकच," ती म्हणाली, आणि आकड्यांवरून फिरणारं तिचं बोट थांबलं.

प्रयोगशाळेत येणाऱ्या नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवी. आधी रिकामं भांडं तोला, मग भरलेलं, आणि वजाबाकी केल्याशिवाय आकडा लिहू नका. या कारकुनाने वजाबाकी केली नव्हती. रांग लांब, तो कंटाळलेला. मूल कडेवरून उतरलं नसेल, किंवा तिने उतरवलं नसेल. त्याने दोघांना मिळून तोललं आणि एकच आकडा लिहिला. चार महिने.

एकशे तेरातून सत्त्याण्णव गेले. सोळा.

कुठल्यातरी अनाथालयात दिलं असेल. तेही शक्य होतं. तिने ही शक्यता दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"दफनाची वही आहे?"

"आहे की. पण तिला सूची नाही, शेंडाबुडखा नाही. सहा हजार ओळी, नुसत्या तारखा. कुठला महिना ते सांगा, नाहीतर मला घरी जाऊ द्या."

"महिना सांगते," ती म्हणाली.

वही आली तेव्हा पावणेपाच झाले होते. अकरा तारखेपुढे लिहिलं होतं : दोनशे सोळा हिचे मूल, पुरुष, एक. तिने ओळ तीनदा वाचली. तिन्ही वेळा तीच निघाली.

दप्तऱ्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला. "सापडलं म्हणायचं का, बाई?"

"हो."

रुग्णालयात जाईपर्यंत तिने बसमध्ये एक खोटं नीट जुळवून ठेवलं होतं, की कागद वाळवीने खाल्ले. आईने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"गेला ना? बोल. खोटं बोलणं तुला कधी जमलं नाही."

"पाचव्या महिन्यातच, आई."

आईने तोंड भिंतीकडे वळवलं. "शहात्तर वर्षं मी त्या लेकरावर जळले."

मग तिने आईला वजनाचं सगळं सांगितलं. तोलतानाही आजीने त्याला खाली ठेवलं नव्हतं, हेही सांगितलं. 

"किती भरला?"

"सोळा पौंड. सात किलो आणि थोडं वर."

आईने तीन पोरं वाढवली होती. चादरीवर तिची बोटं हलली. "दीडेक वर्षाचा ना? कमी आहे गं. फार कमी आहे. दूध आटलं असणार तिचं." मग तिने विचारलं, "नंतर ती किती जगली?"

"एकोणीस वर्षं."

"एकटी?"

"एकटी."

"आणि माझं नाव?"

"त्या वहीत तसला रकाना नाही, आई."

आईने तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"उद्या परत जा. नीट बघ."

त्या दाराला आता दोन वर्षांचं कुलूप होतं.

"जाते," ती म्हणाली. "सकाळीच जाते."