वरचा सांबार

“दार लावून बसते वं! सोताच्या घरात, सोताच्या मायसमोर दार लावून बसते. काऊन? तं म्हणे लिहून राह्यलो. मी इकडं पालकाच्या जुड्या बांधतो, दातानं दोरा तोडतो, तं त्या दोऱ्याचा त्याले आवाज होते!”

सुलोचनाबाईंनी सेलूच्या बाजारात पोतं असं झटकून अंथरलं, की शेजारी शालूच्या मांडणीवरच्या बांगड्या किणकिणल्या. शालू बरीच वर्षं बाईंच्या शेजारी बांगड्या लावायची. हिंगणीहून येणाऱ्या एसटीच्या, वानरांच्या, सरकारच्या तक्रारी तिने दर बाजाराला ऐकल्या होत्या. वर्षभरापासून मात्र सगळ्या तक्रारी एकाच माणसावर येऊन थांबत. तो माणूस म्हणजे प्रफुल, बाईंचा एकुलता एक मुलगा.

प्रफुल वर्ध्याला एका पतसंस्थेत नोकरी करायचा आणि रविवारच्या पुरवणीत लिहायचा. आपल्याला कसं सुचतं, आपण कुठे फिरतो, रोजच्या जगण्यात काय दिसतं, असलं ते सदर होतं. त्यासाठी तो पहाटे उठायचा, बिनदुधाचा चहा प्यायचा आणि दार लावायचा. मध्यंतरी ‘शब्द आटले’ म्हणून चिखलदऱ्याला जाऊन राहिला होता.

“अन् तिथून येऊन लिहिलं काय, तं धुकं!” बाई वांगी रचता रचता म्हणाल्या. “अवं, धुकं तं आपल्या बोर धरणावर पायलीनं पडते. त्याच्यासाठी एवढ्या दूर जा लागते काय?”

एरवी शालू इथे खळखळून हसली असती. आज ती बांगड्यांची जोडी पुसत राहिली. “लोकं वाचतात ना, काकू,” एवढंच म्हणाली, तेही खाली बघून.

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या तोंडात गिऱ्हाईक बोलवायची आजची हाळी घोळत होती.

बाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या, आणि तेवढ्यात त्यांना शाळेचा कंटाळा आला होता. पण त्यांच्या हाळीला तालुक्यात तोड नव्हती. हिंगणीला एसटीत चढलं की त्या खिडकीची जागा धरत. तिथे कुणी बसलेलं असेल तर त्याने उठायचं. एकदा त्यांनी गणवेशातल्या हवालदाराला उठवलं होतं. मग तोंड बाहेर करून ओठ हलवत बसत. कंडक्टर तिकीट त्यांच्या मांडीवर ठेवून पुढे जाई, बोलत नसे. सेलू येईपर्यंत हाळी तयार होई. जुनी हाळी पुन्हा द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. शिळी भाजी आणि शिळी हाळी त्यांनी कधी बाजारात आणली नाही. हे कुणाकडून शिकलात असं विचारलं की त्या म्हणत, “शिकाले काय त्याले? तोंड हाये, येते.”

त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हातानं कोथिंबिरीची जुडी उंच धरली आणि आवाज सोडला:

“सांबार घ्या हो सांबार, भाजीले येते बहार,
नाई नेला घरी तं बसन बायकोचा मार!”

अशा हाळीवर बाजार उलटून उत्तर द्यायचा. कुणी म्हणायचं, “बाई, नेला तरी बसते!” समोरचा लसूणवाला तानबा शिट्टी मारायचा. आज तानबा मान खाली घालून लसणाची टरफलं उडवत बसला. दोन बाया थबकल्या. एकीनं पदराचं टोक तोंडाला लावलं.

‘कोणी मेलं का काय?’ बाईंच्या मनात आलं.

तेवढ्यात सपना आली. औषधाच्या दुकानदाराची बायको. सगळ्या सेलूत वरच्या सांबारासाठी हिच्याएवढं भांडणारी दुसरी नव्हती. या बाजाराची रीतच तशी. भाजीचा भाव ठरला, पिशवी भरली, की गिऱ्हाईक हात पुढे करून म्हणणार, “वरून सांबार टाका.” मग विकणारीनं कपाळाला हात लावायचा, गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांच्या चिकूपणाचा उद्धार करायचा आणि शेवटी मूठभर कोथिंबीर पिशवीत फेकायची. सपना एका मुठीत कधी ऐकत नसे. ती स्वतःच ढिगात हात घालायची आणि बाई तिच्या मनगटावर चापट मारायच्या.

आज सपनानं वांगी घेतली, पैसे दिले, पिशवी मिटली.

“काऊन? सांबार नाई पाहिजे?” बाईंनी मूठ पुढे केली.

“नको, मावशी. असू द्या तुमच्यापाशी.” आणि भर बाजारात, चिखलात वाकून सपनानं त्यांच्या पायाला हात लावला.

“अवं उठ! काय झालं? पोरीचं लगन जमलं का?”

सपनाचे डोळे भरले होते. ती पिशवी उचलून निघून गेली.

मग कॉलेजच्या दोन पोरी आल्या. भाजी घेतली नाही, बाईंच्या दोन्ही बाजूंना बसून फोटो काढला. एक म्हणाली, “आजी, हसू नका ना, अशाच राहा.” एका गुरुजींनी अर्धा किलो कारली घेतली आणि उरलेले पैसे परत घेतले नाहीत. बाईंनी ते त्यांच्या पाठीमागे फेकले.

“मी काय देवळाच्या पायरीवर बसली व्हय?” त्या ओरडल्या. गुरुजी वळूनही न बघता भराभर निघून गेले.

आता त्या बंडूजींची वाट पाहू लागल्या. बंडूजींचं बसस्टँडजवळ चहा-समोशाचं हॉटेल होतं. गेली कित्येक वर्षं त्यांची आणि बाईंची दर बाजाराला लढाई व्हायची आणि ती बघायला माणसं थांबायची. बंडूजी म्हणायचे, “बाई, ही वांगी हाये का पोरायच्या खेळाच्या गोट्या?” बाई म्हणायच्या, “तुमच्या समोशातला आलू शोधाले दुर्बीण लागते, बंडूजी, अन् माह्या वांग्याले नावं ठेवता?” भाव तुटेपर्यंत दोघांचे आवाज बसायचे. मग बंडूजी हात पुढे करायचे, “टाका वरून सांबार.”

बंडूजी आले. बाईंनी पदर खोचला. मुद्दाम, अगदी भांडणाला आमंत्रण म्हणून, मिरचीचा भाव दुप्पट सांगितला.

“द्या,” बंडूजी म्हणाले.

“काय द्या?”

“मिरची द्या. तुम्ही म्हणान तो भाव.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “बंडूजी, बरं नाई का तुमाले?”

“बरा हाये, बाई.” म्हाताऱ्यानं पिशवी उघडली. “तुम्ही एवढं सोसलं अन् आमी मेले मिरचीसाठी तुमच्याशी तोंड वाजवत राह्यलो. चुकलंच आमचं.”

पिशवी घेऊन ते निघाले. हात पुढे केला नाही. सांबार मागितला नाही.

बाईंना कुणी मुस्कटात मारली असती तर त्यांनी परत दोन मारल्या असत्या. पण याला काय मारायचं ते त्यांना समजेना. त्या शालूकडे वळल्या. “बोल. सकायपासून तोंड लपवून राह्यली. काय लिहिलं त्यानं?”

शालूनं मोबाइल काढला. “सगळ्या ग्रुपवर फिरून राह्यलं, काकू. लय सुंदर लिहिलं हो. माह्यापण डोयात पानी आलं.”

“वाच.”

शालू एकेक शब्द जपून वाचू लागली. “‘मी लिहायला बसतो तेव्हा मला ती एसटी आठवते. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. आई भाजीची टोपली घेऊन खिडकीशी बसली होती आणि तिचे अश्रू काचेवर ओघळत होते. त्या दिवशी बाजारात तिने दिलेल्या हाळीत एक हुंदका होता. तो हुंदका कुणालाच ऐकू आला नाही. माझं सारं लेखन त्या हुंदक्यातून जन्मलं. आजही ती थरथरत्या हातांनी जुड्या बांधते, आणि बाजार तिच्याशी पैशा-पैशासाठी भांडतो...’”

“बस.”

बाईंनी आपले हात पुढे करून पाहिले. काळे, भेगाळलेले, दगडासारखे स्थिर हात.

“थरथरते?” त्या म्हणाल्या.

बाईंनी भाजी टोपल्यात भरायला सुरुवात केली. ऊन अजून कलायचं होतं, बाजार ऐन भरात होता आणि माल अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. सुलोचनाबाईंना असं उठताना कुणी पाहिलं नव्हतं. पण कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, आपल्याला कारण ठाऊक आहे.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं खिडकीजवळच्या पोरीला उठवलं आणि हळव्या आवाजात म्हणाला, “या, आजी. तुमची जागा.”

“माही कोणती जागा? सरकारची गाडी हाये,” बाई म्हणाल्या आणि हिंगणीपर्यंत दांडा धरून उभ्या राहिल्या.

घरी सून प्रेरणा अंगणात तूर पाखडत होती. भरलेलं टोपलं बघून तिचं सूप थांबलं. “आई, सगळं परत आणलं?”

“कुठं हाये तो?”

“आत लिहीत आहेत. सुट्टी घेतली आज. थांबा, मी सांगते, दार—”

बाईंनी दार ढकललं. आत कडी होती. त्यांनी खांदा लावला. कडी जुनीच होती, नवऱ्याच्या, पुंडलिकरावांच्या हातची. ती निसटली.

प्रफुल खुर्चीतून अर्धा उठला. समोर बिनदुधाचा चहा, उघडा लॅपटॉप. “आई, दोनच मिनिटं, एक वाक्य—”

बाईंनी टोपलं त्याच्या टेबलावर ठेवलं. पालकाचं पाणी कागदांवर झिरपू लागलं.

“घे. ही तुही कमाई. कोणी भाव केला नाई आज. सपना पाया पडून गेली. बंडूजी माफी मागून गेला. बंडूजी! माही माफी!”

“मग चांगलंच आहे ना, आई.” प्रफुलनं घाईघाईनं कागद उचलले. “लोकांना तुझी किंमत कळली. केवढे फोन आले मला. माणसं रडली वाचून.”

“माह्या पोत्यासमोर लोकं रडाले येतात व्हय रे? भांडाले येतात! हसाले येतात! तू त्याईले रडाले लावून देल्लं. आता कोण भांडन माह्याशी? मेलेल्या माणसाशी कोण भाव करते?”

“तू उगाच—”

“अन् हे थरथरते हात कोनाचे रे? तुहे असन. माहे नाई.”

प्रफुलचा चेहरा उतरला. “हाताचं मी... वाढवलं असेल. पण एसटीतलं खोटं नाही.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “मी तुझ्या मांडीवर होतो. तुला वाटलं मी झोपलो. मी काचेत पाहत होतो, आई. तुझं तोंड काचेत दिसत होतं.”

दारात प्रेरणा सूप हातात घेऊन उभी होती.

एवढी वर्षं बाईंना वाटत होतं, ते फक्त रस्त्याकडेच्या बाभळींनी पाहिलं. सेवाग्रामच्या दवाखान्यातून पुंडलिकराव आडवे परत आले, त्यानंतरचा तो पहिला बाजार. गाडी सुटली आणि आतून असं काही वर आलं, की आता सगळ्या गाडीसमोर हंबरडा फुटणार. त्यांनी तोंड खिडकीच्या काचेकडे वळवलं. ओठ दाबून धरले. ओठांना काही तरी काम पाहिजे म्हणून टोपल्यातल्या कारल्यांकडे बघून एक शब्द धरला, त्याला दुसरा जोडला. सेलूला उतरल्या तेव्हा डोळे कोरडे होते आणि तोंडात हाळी होती:

“कारलं घ्या हो कारलं, कडू म्हणून टाकलं,
गूळ घालून शिजवलं, नवऱ्यानं ताट चाटलं!”

महिन्याची विधवा आणि ही हाळी! सगळा बाजार चिडीचूप झाला होता. आणि मग एक काळाभोर, ठेंगणा माणूस खदखदून हसला होता. “गूळ वरून देता काय, बाई?” बंडूजी तेव्हा नुकतेच हॉटेल टाकत होते. बाईंनी फाडकन् उत्तर दिलं होतं, “गूळ तुमच्या सासऱ्याले मागा!” आणि ते म्हणाले होते, “मंग सांबार तरी टाका वरून.” त्या दिवशी सगळं टोपलं रिकामं झालं होतं. कुणीही कीव केली नव्हती.

“गाडीतून उतरल्यावर मी काय हाळी देल्ली?” बाईंनी विचारलं. “तू बोट धरून होता माहं. सांग.”

प्रफुलनं आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या पडल्या. “मी लहान होतो, आई. ते नाही आठवत.”

“माहं रडणं आठवते.”

“हो.”

“अन् सगळा बाजार हसला, ते नाई आठवत.”

त्याने मान हलवली. मग हळूच, जवळजवळ कुतूहलाने विचारलं, “काय दिली होतीस हाळी? सांग ना. मी पुढच्या रविवारी—”

त्याचा हात लॅपटॉपकडे गेला होता. बाईंनी तो पाहिला. त्यांनी टोपल्यातली सांबाराची एक जुडी उचलली, दातानं दोरा तोडला आणि हिरवी मूठ त्या लॅपटॉपवर टाकली.

“मी जनमभर भाजी इकली, प्रफुल. तू मले इकलं. अन् वरून फुकटचा सांबार म्हणून माह्या डोयातलं पानी टाकलं.”