तिसरी ओळ

मुलं दुकानातून तयार तक्ते आणतात, त्यावर नाव घालतात आणि त्यालाच प्रकल्प म्हणतात, असं मी सातवीच्या पालकसभेत बोलून गेले. वर्गशिक्षिका शुभांगी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बी.एस्सी. आहात ना? मग तुमच्या वेदिकासाठी प्रयोगाचा एक आराखडा करा. जमला, तर पुढच्या वर्षी अख्ख्या वर्गाला तोच देऊ." चार बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. आता मागे कसं फिरायचं?

दोन हजार तीनचा डिसेंबर. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. पडवीसमोर मी झेंडूच्या रोपांच्या तीन ओळी लावल्या. पहिलीला रोज पाणी, दुसरीला तीन दिवसांनी, तिसरीला सहा दिवसांनी. वेदिकाने पट्टीने उंची मोजायची आणि वहीत मांडायची. इतकं सोपं.

बाराव्या दिवशी वेदिका वही घेऊन आली. "आई, तिसरी ओळ सगळ्यात उंच आहे."

"पट्टी उलटी धरली असशील."

मी स्वतः मोजलं. खरंच उंच. पानंही टवटवीत. मला काही कळेना. आमची जमीन काळी, ओल धरून ठेवते, हे खरं. पण तिन्ही ओळींना माती तीच ना? पडवीलगतच्या पाण्याच्या नळीला गळती असेल म्हणून तिथली कड उकरून बघितली. कोरडी ठणठणीत. कॉलेजच्या वह्या माळ्यावरून काढल्या. त्यात असं काही नव्हतं, किंवा मला ते कधी समजलंच नव्हतं. नवरा जेवताना हसला. "विद्यापीठाला डिग्री परत करून ये."

सोळाव्या दिवशीही तेच. शनिवारी वेदिकाला वर्गापुढे उभं राहायचं होतं. ती म्हणाली, "आपण आकडे बदलू या का? पहिली ओळ उंच लिहू. सगळ्यांना तेच अपेक्षित आहे." मी रागावले, पण मनात तेच आलं होतं. पोरीचं हसू झालं तर? आणि आराखडा माझा होता.

शुक्रवारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी विचारलंच, "तिसऱ्या ओळीला कुणी हात लावलाय का?"

ठमाबाई, माझ्या सासूबाई, भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "हात नाय लावला. फुलं तोडून येताना हंड्यातलं जरा वतते. माना टाकल्या व्हत्या गं त्यांनी."

"तू पण?" सासरे कोंडाजी ताटावरून मान वर करून म्हणाले. "मी रोज चूळ भरायच्या आधी तांब्याभर घालतो. पानी दारात असताना रोप तहानलेलं ठेवायचं? आपल्यात असं कोन करतं?"

"नाना, तो प्रयोग होता!"

"आसंल. पन रोपाला कुठं ठावं हाय?"

म्हणजे जिला सगळ्यात कमी मिळायला हवं, तिलाच सगळ्यात जास्त मिळत होतं. तेवढ्यात वेदिका खाली बघत पुटपुटली, "मी पण. वॉटरबॅगमधलं उरलेलं."

"मग तू मोजत काय होतीस?"

"उंची," ती म्हणाली. हसावं की ओरडावं, मला समजेना.

मी तिला सांगितलं, काय लिहायचं ते तू ठरव. तिने आकडे तसेच ठेवले आणि निष्कर्षाखाली लिहिलं: तिसऱ्या ओळीला सहा दिवस मध्ये पाणी घालायचं नाही असं ठरलं होतं, पण आमच्या घरात ते कुणालाच जमलं नाही. म्हणून पाण्याबद्दल काही सांगता येत नाही.

शनिवारी वर्ग खदखदून हसला. मी दारात उभी. वेदिका मात्र थांबली नाही, आजी किती घालायची, नाना किती, हंडा-तांब्यासकट सांगत राहिली. एका मुलाने विचारलं, "मग तुमच्याकडे रोप मरतं तरी कसं?" तिने तो प्रश्नही वहीत लिहून घेतला.

सुटल्यावर मॅडमनी वही चाळली. "पुढच्या वर्षी पंचावन्न घरांत हेच होणार."

"म्हणजे आराखडा रद्द?"

"छे. एक रकाना वाढवा. 'पाणी कोणी घातलं'."

घरी आल्यावर मी कोरा कागद घेतला, रेघा मारल्या. उंचीला दोन बोटं जागा पुरली. या नव्या रकान्याला किती ठेवायची, याचा अंदाजच येईना. पट्टी तशीच हातात धरून मी कागदाकडे बघत राहिले.