आपोआप सुरू

"अगं, चालू करायच्या आधी समोरच्याला विचार तरी," ब्रेककाका म्हणाले होते.

ब्रेककाका म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर. प्रत्येक कामात थांबायला सांगतात म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. दवाखान्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. डेटाबेसचा वेग वाढवणारं एक पॅकेज त्यात ऐच्छिक होतं. नोंद आधी मेमरीत ठेवायची, स्क्रीनवर 'जतन झाली' म्हणायचं आणि डिस्कवर सावकाश लिहायची. मधल्या काही मिनिटांत वीज गेली की नोंदही गेली. पॅकेज इन्स्टॉल होताच हे आपोआप सुरू व्हावं, असं मी लिहिलं.

"काका, विचारलं तरी वाचतंय कोण? सगळे डोळे झाकून 'हो' दाबतात."

"दाबू देत. तो 'हो' त्यांचा असतो."

मी हसण्यावारी नेलं. पाळणाघर सहाला बंद व्हायचं, मला घाई होती.

काही महिन्यांनी लेकीला लसीच्या दुसऱ्या डोससाठी गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. नोंदी ठेवणाऱ्या ताई, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेल्या, स्क्रीनकडे बघतच राहिल्या.

"पहिल्या डोसची नोंद दिसत नाहीये हो."

मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. "हे तुमचंच अक्षर ना? कार्डावर लिहायला जमतं, मग कॉम्प्युटरात टाकायला काय झालं?"

"टाकली होती, बाळाची आई. 'जतन झाली' असं आलंही होतं."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, ताई."

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या खाली मान घालून पुटपुटल्या, "टाकली होती मी." मी डॉक्टरीणबाईंकडे लेखी तक्रार देऊनच घरी आले. आई म्हणून आपण किती जागरूक, असं वाटत होतं मला.

पुढच्या आठवड्यात त्याच दवाखान्याची ईमेल आमच्या ऑफिसात आली. अकरा नोंदी गायब, सगळ्या दुपारी एकच्या जरा आधीच्या.

"एकला काय होतं तिथे?" ब्रेककाकांनी विचारलं.

मी पाहिलं होतं. पहिल्या डोसच्या दिवशी, माझ्या डोळ्यांदेखत, ताईंनी कॉम्प्युटरचा प्लग उपटून त्याच सॉकेटमध्ये उपकरणं उकळायचं भांडं लावलं होतं. खोलीत सॉकेट एकच.

मी काकांना ते सांगितलं आणि तिथेच कोड उघडला.

आता ते पॅकेज आधी विचारतं, मगच सुरू होतं. डॉक्टरीणबाईंना मी समोर बसून सगळं सांगितलं.

"त्यांना तर मी तुमच्या तक्रारीच्या दिवशीच कामावरून काढलं," त्या म्हणाल्या.

ताईंचा फोन बंद आहे. त्यांच्या राहत्या खोलीला कुलूप आहे. शेजारीण म्हणाली, गेल्या कुठेतरी, कुणाशी धड बोलल्यासुद्धा नाहीत.

तुमच्याकडच्या एखाद्या दवाखान्यात अंबाड्यात पेन्सिल खोचलेली बाई नव्याने आली असेल, तर जरा जाऊन बघा ना. बरी आहे का, विचारा. आणि सांगा, नोंद तिने टाकली होती.