आमची काही घाई नाही

सूनबाईने त्याच खोक्याची चिकटपट्टी तिसऱ्यांदा फाडली आणि आतून अप्पांचा स्वेटर ओढून काढला. खोका उन्हाळ्यात बांधलेला. ‘थंडीचे कपडे, नव्या घरी उघडणे’ असं त्यावर तिनेच जाड पेनाने ठसठशीत लिहिलं होतं. थंडी वेळेवर आली. नवं घर काही आलं नाही.

“हात वर करा, अप्पा.”

अप्पांनी एक हात वर केला, दुसऱ्याने भिंत धरून ठेवली. भिंत म्हणजे तरी काय, खोक्यांवर रचलेले खोके. त्या दोन रांगांमधून रोज सकाळी ते दारापर्यंत जात, उंबऱ्याशी उभं राहून जिन्याकडे बघत आणि परत येऊन खुर्चीत बसत. पस्तीस वर्षं पोस्टमन म्हणून दुसऱ्यांचे जिने चढले-उतरले, आणि आता स्वतःचे तीन मजले त्यांच्याने उतरवेनात. त्यांचा मुलगा लिफ्टचा मेकॅनिक. अख्ख्या शहराच्या लिफ्टी चालू ठेवायचा आणि घरी येताना धापा टाकत जिना चढायचा, कारण या भाड्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हतीच. यावर शेजारपाजाऱ्यांनी पोटभर हसून घेतलं होतं. आता त्यांनाही त्याचा कंटाळा आला होता.

म्हणून तर तळमजल्यावरचं घर ठरवलं. दोन खोल्या, बाहेर एकच पायरी, दार उघडलं की रस्ता. एप्रिलमध्ये ते बघायला अप्पा स्वतः उतरले होते. प्रत्येक मजल्यावर दम खाल्ला, पण उतरले. परत आल्यावर त्यांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं होतं.

“त्या घरात मी माझ्या पायांनी जाणार. मला उचलून न्यायचं ते एकदाच, आणि त्याला अवकाश आहे.”

जूनमध्ये ते एका मजल्यावरून माघारी फिरले. ऑगस्टनंतर दाराच्या पुढे गेलेच नाहीत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सुनेला बाजूला घेऊन म्हणाली होती, “पाय वापरात आहेत तोवर आहेत, ताई. लवकर हलवा.” सूनबाईला काय ते कळत नव्हतं? पण व्यवहाराचं भिजत घोंगडं पडलं होतं. एजंटला फोन केला की त्याचं एकच पालुपद. साखळी आहे ताई, एकाने घर सोडलं की मग दुसरा हलणार, वर कुठेतरी अडलंय. कुठे, असं विचारलं की त्याला दुसरा फोन यायचा.

त्या रविवारी सूनबाईच्या डोक्यावरून पाणी गेलं. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी बांधलेलं सोडायचं, सोडलेलं बांधायचं. नवऱ्याला सकाळीच कुठल्याशा अडकलेल्या लिफ्टवर बोलावणं आलं होतं. तिने अप्पांच्या हाताशी पाणी, फोन, वर्तमानपत्र ठेवलं आणि चप्पल पायात सरकवली.

“मी बघूनच येते, घोडं अडलंय कुठे.”

“भांडू नकोस कुणाशी,” अप्पा म्हणाले.

“भांडते कशाला. नुसतं विचारते.” पण भांडायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पहिलं दार सुतारकाकांचं, म्हणजे ज्यांचं घर घ्यायचं होतं त्यांचं. काकांनी स्वतःच्या हातांनी केलेलं कपाट सुटं करून भिंतीला टेकवलं होतं. स्क्रू बरणीत भरून वर झाकण लावलं होतं. काकू गुंडाळलेल्या गादीवर बसून भाजी निवडत होत्या. सूनबाईला बघून दोघंही ओशाळले.

“अगं, आम्ही आज म्हटलंस तर आज निघतो,” काका म्हणाले. “मास्तरीणबाईंचं घर आमच्या ताब्यात येऊ दे. आमचे कपडे सात महिने बॅगेतच आहेत.”

त्यांनी पत्ता लिहून दिला. दाराबाहेर पडताना सूनबाईची नजर त्या एका पायरीवर गेली आणि तिला एकदम रडू आलं. तिने ते गिळलं आणि चालू लागली.

मास्तरीणबाई जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होत्या. बाकीच्या खोलीत काहीच नव्हतं. पडदेसुद्धा काढलेले.

“मी कधीची आवरून बसलेय हो,” त्या लाल पेनचं टोपण लावत म्हणाल्या. “मी ज्यांचं घर घेतलंय त्या नर्सबाई निघेनात. हॉस्पिटलने राहायला खोली दिलीय त्यांना, पण निघत नाहीत. आणि मीही तगादा लावला नाही. खालून निरोप होता ना.”

“कसला निरोप?”

“घाई नाही म्हणून. सुतारकाकूंनीच सांगितलं होतं मला. मी तो पुढे कळवला.”

सूनबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली. म्हणजे ही काकूंची करामत. समोर ओशाळायचं आणि पाठीमागून असले निरोप पाठवायचे. इथे म्हाताऱ्या माणसाचे पाय जाताहेत, आणि काकूंना उदारपणा सुचतोय. नर्सबाईंच्या घरापर्यंत चालताना तिने काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं. पहिलंच वाक्य असं काढलं होतं की समोरच्याची बोलती बंद व्हावी.

दार उघडलं ते रात्रपाळी करून आलेल्या बाईने. कपडे अजून कामावरचेच, डोळे तांबारलेले. तिच्या मागच्या खोलीत लोखंडी पलंग होता, वरखाली करायचं हँडल असलेला. गादी काढलेली. कोपऱ्यात औषधांच्या बाटल्या एका पिशवीत भरलेल्या.

“कोण आपण?”

“सुतारकाकांचं घर आम्ही घेतलंय,” सूनबाई म्हणाली. “त्या साखळीतलं सगळ्यांत खालचं घर आमचं.”

नर्सबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने सूनबाईचा हात धरून तिला आत नेलं आणि घरातल्या एकुलत्या खुर्चीत बसवलं.

“म्हणजे तुम्हीच त्या. मला तुम्हाला भेटायचंच होतं, पण पत्ता नव्हता.”

सूनबाईने जुळवलेलं वाक्य ओठांवर आणलं, पण नर्सबाई आधीच बोलू लागली होती.

“आईला वॉर्डात हलवायचं ठरलं होतं. हॉस्पिटलच्या खोलीत पेशंट ठेवू देत नाहीत. तिथला पलंगसुद्धा सांगून ठेवला होता मी. ती काही बोलायची नाही, नुसतं छताकडे बघायची. मी रोज वॉर्डातली माणसं बघते, मला माहीत आहे तिथे कसं असतं. आणि मग तुमचा निरोप आला.” तिने तो पाठ असल्यासारखा म्हणून दाखवला. “‘आमची काही घाई नाही हो. सावकाश होऊ द्या तुमचं. आधी माणसं. घर कुठे पळून जातंय.’”



काकूंचे शब्द नव्हतेच ते. तिचे स्वतःचे होते. एप्रिलमध्ये काकूंचा फोन आला होता, सामान फार आहे, आवरायला वेळ लागेल, असं काहीसं त्या म्हणत होत्या, आणि ती खिडकीतून खाली भाजीवाल्याची गाडी बघत बोलून गेली होती. पाहुणे उठले की ‘बसा की अजून’ म्हणतात ना, तसं. असं म्हणतातच. कुणी खरोखर परत बसत नाही.

“त्या बोलण्यावर मी सात महिने काढले,” नर्सबाई म्हणाली. “मागच्या आठवड्यात गेली आई. इथेच, या खोलीत. शेवटी नळाची टपटप ऐकून म्हणाली, वॉशर बदल. मी हसले, ती पण हसली. वॉर्डात हे झालं नसतं.” तिने मनगटाने डोळे पुसले. “विसाला किल्ली देते मी. नक्की. तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?”

“हो,” सूनबाई म्हणाली. “सगळे बरे आहेत.”

परतीच्या वाटेवर तिला तिचाच इतका राग आला की एकदा ती रस्त्यात थांबली. मग वाटलं, मी ते बोलले नसते तर? ती म्हातारी छताकडे बघत वॉर्डात गेली असती. ते बरं झालं असतं का? अप्पांचे पाय राहिले असते, ते? तीन मजले चढून ती घरात शिरली. चप्पल न काढताच ती अप्पांसमोरच्या खोक्यावर बसली.

“वीस तारखेला मिळतंय घर.”

“बरं झालं.”

“अप्पा, एप्रिलमध्ये मी काकूंशी फोनवर काय बोलले, आठवतं तुम्हाला?”

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ती आणखी लहान केली.

“आठवतं की. मी इथेच बसलो होतो. नको म्हणून खुणावलंही तुला. तुझं तोंड खिडकीकडे होतं.”

“आणि इतके दिवस मूग गिळून बसलात? मी त्या एजंटचा, काका-काकूंचा, सगळ्या जगाचा उद्धार करत होते.”

“ऐकत होतो.”

“एकदा तरी म्हणायचं.”

“म्हणालो असतो, तर तू लगेच फोन लावला असतास. आणि घाईचं कारण काय सांगितलं असतंस? आमचा म्हातारा थकलाय. चार घरांत त्याचा बोभाटा व्हायला नको होता मला.” त्यांनी घडी मांडीवर ठेवली. “आणि वाटलं होतं, टिकतील पाय.”

सूनबाईने मग त्यांना नर्सबाईच्या आईचं सगळं सांगितलं. नळाचंसुद्धा. ऐकताना अप्पा मान हलवत राहिले. खालच्या मजल्यावर कुणीतरी गादी झटकत होतं.

“वीस म्हणालीस ना?” अप्पांनी विचारलं.

“वीस.”

“मग नवऱ्याला सांग, हातवाली खुर्ची बघून ठेव म्हणावं, मला बसवून उतरवायला. हलकी बघ म्हणावं. वळणावर जिना अरुंद आहे, आणि त्याला एकट्याला झेपायचं नाही. अजून एकजण लागेल.”

असं काय बोलता, अजून पंधरा दिवस आहेत, तुम्ही चालत जाल की. सगळं तिच्या ओठांवर आयतं आलं. ती अप्पांकडे नीट तोंड करून बसली.

“सांगते,” ती म्हणाली.