हात आवरण्याची कला

चित्रं सुचतात कशी, असं कुणी विचारलं की चित्रकार हसून म्हणायचा, "सुचतं सगळ्यांनाच. हात कधी आवरायचा, एवढंच शिकण्यात माझी अर्धी हयात गेली." त्याची लेक हे लहानपणापासून ऐकत आली होती.

मग त्याच्या मेंदूत रक्त साकळलं. बोलणं परतलं, हातही परतला, पण चित्र पुरं झालं हे त्याला कळेनासं झालं. छान जमून आलेल्या चित्रावर तो रंग चढवतच राहायचा आणि संध्याकाळी कॅनव्हासवर नुसता चिखल उरायचा.

शेवटी ते काम लेकीने अंगावर घेतलं. तिला स्वतःला रेघ ओढता येत नव्हती, पण नजर त्याच्याच हाताखाली तयार झालेली. चित्र भरात आलं की ती ते उचलून शेजारच्या खोलीत ठेवायची आणि कडी लावायची. बाबा दार बडवायचे. "अगं, अर्धं आहे ते. अर्धं पोर कुणी ओढून काढतं का?" ती भांडी घासत राहायची.

गॅलरीवाला खूश होता. प्रदर्शनात वाहवा झाली. बाबा एकेका चित्रासमोर थांबले आणि लेकीला हळूच म्हणाले, "यातलं माझं एकही नाही. घरी चल."

त्यानंतर त्यांनी तिलाच रंगवायला घेतलं. मोरीशी पाठमोरी उभी, मान खाली. दुपारी तिने वळून कॅनव्हासकडे पाहिलं. त्या मानेत तिची सगळी दमणूक उतरली होती. असं तिला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. चित्र उचलायला ती हात पुसत पुढे झाली.

"आज नको ना गं," बाबा म्हणाले. ब्रश त्यांनी छातीशी धरला होता.

ती खाली बसली. आधी चित्रातले खांदे रंगाखाली गेले, मग मान. अंधार पडेपर्यंत ती बघत राहिली. बाबा त्या रात्री पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

गॅलरीवाल्याने ते काळं फडकं पाहून कपाळाला हात लावला. "वेळेवर उचलायचं होतंत."

"यापुढे नाही उचलणार," ती म्हणाली. तो पुन्हा आला नाही.

त्या मानेसाठी ती स्वयंपाकघरात एकटीच रडली. मग डोळे पुसून बाबांसाठी नवा कॅनव्हास ताणायला बसली.