दोन मिलिलिटर

इरावतीने सकाळीच प्रसूतिगृहातून आलेली, ट्रेमधली वार उलटी केली आणि तिच्यावर थंडगार मिठाचं पाणी ओतलं. रक्ताच्या गुठळ्या बोटांखाली सुटू लागल्या, मास्कच्या आत तो गोडसर, गंजल्यासारखा वास शिरला आणि रोजच्याप्रमाणे तिने श्वास रोखून मान फिरवली. तीन वर्षं झाली होती. लोकांना म्हणे तीन दिवसांत सवय होते. हिला मेली होतच नव्हती. नाशिकहून पीएचडीसाठी इंदूरला निघताना तिने आईला एवढंच सांगितलं होतं, की एन्झाइमवर काम आहे. बाळंतिणींच्या वारा मिक्सरमध्ये वाटायच्या असतात, हे अजून सांगितलेलं नव्हतं. इथल्या पोह्यांवरचे डाळिंबाचे लालभडक दाणेसुद्धा ती वेचून बाजूला ठेवी.

पेशीतला केरकचरा निस्तरणारं ते एन्झाइम. ज्या बाळांत ते नसतं त्यांच्या मेंदूत घाण साचत जाते आणि ती चार-पाच वर्षांत हातची जातात. वारेत ते भरपूर असतं, म्हणून तुकोगंजमधल्या एका प्रसूतिगृहातून बर्फाच्या डब्यात वारा यायच्या. वाटायच्या, गाळायच्या, शुद्धीकरणाच्या कॉलमवर चढवायच्या. शेवटी शुद्ध एन्झाइम हाती यायला हवं. चौदा महिने आलं नव्हतं. परवा आलं, मागच्या मंगळवारच्या भल्यामोठ्या वारेतून. सगळं मिळून दोन मिलिलिटर, दिसायला नुसतं पाणी. बर्फात रोवलेल्या त्या नळीवर आज दुपारी शेवटची मोजमापं व्हायची होती. कुठला थेंब कुठल्या मोजमापाला जाणार हे ठरलेलं होतं, आणि फेलोशिप महिनाअखेरीस संपत होती. ही नळी गेली की पीएचडीही गेली.

तेवढ्यात कृष्णरावांनी तिला पॅसेजमध्ये बोलावलं. हे तिचे गाइड, तीन पिढ्यांचे इंदूरकर. शेजारी बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. सुदामा नगरच्या प्रेमलताबाई. मंगळवारी त्यांची सून बाळंत झाली होती. त्यांच्या घरी वार अंगणात पुरतात. पण ऑपरेशनच्या धावपळीत ती मागायचं कोणालाच सुचलं नाही, आणि मुलाने समोर येईल त्या कागदावर सही केली. आता घरात एक जीव दूध ओढत नव्हता. डॉक्टरचं औषध चालू होतं, पण वार उघड्यावर पडली आहे हे बाईंच्या मनातून जाईना. प्रसूतिगृहातल्या आयाने इथला पत्ता दिला होता.

कृष्णराव इरावतीला दोन पावलं बाजूला घेऊन गेले.

"सकाळवाली दे न," ते हळू आवाजात म्हणाले. "कोण ओळखतं? बाई खूश, आपण मोकळे."

"सर, ती दुसऱ्या कोणाची तरी आहे."

"तशीही ती मिक्सरमध्येच जाणार. टेन्शन नको घेऊस."

इरावतीला सरांची शिसारी आली. पण पाय मुकाट्याने आत वळले होते, आणि मंगळवारच्या वारेबद्दल बोलायला नको म्हणून मनातून हायसंही वाटत होतं. त्या हायसं वाटण्याची तिला जास्त किळस आली. तिने ट्रेमधली वार पिशवीत घातली, बाहेर नेली.

प्रेमलताबाईंनी ती नुसत्या हातांनी घेतली. नाक मुरडलं नाही की तोंडाला पदर लावला नाही. डब्यात हळद-मीठ पसरलेलं होतं. त्यावर ठेवून त्यांनी ती कणकेच्या गोळ्यासारखी उलटून पाहिली, कडेने बोट फिरवलं आणि थांबल्या.

"बेटा, याच्यात तर एकच नाळ आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जुळे झाले."

कृष्णरावांना तेव्हाच एक फोन आठवला आणि ते गेले. इरावतीचे कान तापले. मंगळवारच्या वारेच्या दोन्ही नाळा तिनेच कात्रीने कापल्या होत्या. तिने सांगून टाकलं, की ही तुमची नाही, तुमची वाटून झाली.

"पूर्ण?"

"हो."

"थोडीपण नाही उरली? मातीत घालायला काही तरी पाहिजे न. चिमूटभर असली तरी चालेल."

काचेच्या दारामागे, पाच पावलांवर, ती नळी रोवलेली बर्फाची बादली होती. बाईंचं एका थेंबानेही भागलं असतं.

"नाही," इरावती म्हणाली. "काहीच नाही उरलं."

बाईंनी डब्यातल्या वारेकडे बोट केलं. मग ही कोणाची, असं त्यांनी विचारलं. इरावतीला ठाऊक नव्हतं. तिच्याकडे फक्त नंबर असायचा.

"मग हीच नेते मी," बाई म्हणाल्या. "कोणाची तरी आहेच न." त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं आणि जिन्याकडे गेल्या.

दुपारची मोजमापं सुरेख आली. आलेखावर सगळे ठिपके एका रेषेत बसले. कृष्णरावांनी पाठ थोपटली, आजच लिहायला घे म्हणाले. प्रबंधातलं पहिलं वाक्य लॅबमध्ये सगळ्यांचं एकच असायचं: प्रसूतीनंतर टाकून दिलेली मानवी वार वापरण्यात आली. इरावतीने ते टाइप केलं आणि त्यातलं "टाकून दिलेली" खोडलं.

"ते राहू दे," मागून कृष्णराव म्हणाले. "त्याशिवाय एथिक्स कमिटीवाले पास नाही करत."

तिने ते परत टाइप केलं.