धार लावणारी गैरहजर

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे आणि मी संतापलो आहे. लाकडाच्या ठोकळ्याला कसला आलाय संताप, असं म्हणून हसू नका. आधी ऐकून घ्या.

एका म्हाताऱ्या सुताराने मला टणक लाकडातून घडवलं आणि माझ्या पोटात पोलादी पातं बसवलं. त्याच्या हाताखाली मी कितीतरी दारं, पलंग, पाळणे गुळगुळीत केले. हात थरथरू लागले तेव्हा त्याने मला सुतारकामाच्या शाळेला देऊन टाकलं. इथे मी शिकाऊ मुलांच्या हातून हाल सोसतो. कुणी मला खिळ्यावरून फिरवतं, कुणी माझ्यावर बसून डबा खातं. लाकडाचा लांबलचक पापुद्रा निघाला की सगळे म्हणतात, काय हात आहे पोराचा! कौतुक हाताचं होतं. पात्याला धार कुणी लावली, हे कुणी विचारत नाही.

धार लावणं हे खरं तर कोठीवाल्या काकांचं काम. आम्हा हत्यारांची कोठी तेच सांभाळतात. वर्षाच्या सुरुवातीला त्यांची कंबर धरली, तेव्हा सरांनी समोर दिसली त्या मुलीला सांगितलं, काकांना बरं वाटेपर्यंत पात्यांना धार तू लाव. ती सतत कामात असायची म्हणून वर्गाने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. काका महिन्याभरात ठणठणीत झाले, पण मुंगीला थांब म्हणायला कुणालाच सुचलं नाही. काका तर मूग गिळून बसले. आयतं होतंय तर कोण बोलेल? मुंगी रोज मागच्या नळापाशी दगड भिजवून आमची पाती घासायची, आणि काका दारात खुर्ची टाकून चहा प्यायचे.

आमच्याकडे हजेरी बिल्ल्यांची असते. घंटा झाली की सर वर्ग उघडतात, मुलं आपापला पितळी बिल्ला भिंतीवरच्या खुंटीला अडकवतात, सर मोजतात. मोजून झाल्यावर खुंट्यांना हात लावायचा नाही. मुंगी तेव्हा नळापाशी असायची. पहिला तास संपता संपता ती आम्हाला घेऊन आत यायची, बिल्ला खिशातच. सरांनीच पाठवलंय, त्यांना ठाऊक असणारच, असं ती धरून चालली. सर धरून चालले की पोरगी उशिरा उठते आणि येताना कोठीतून हत्यारं उचलून आणते.

निकाल लागला. कापण्या-तासण्याचं काम पहिल्या प्रतीचं, पण हजेरी कमी म्हणून श्रेणी तिसरी. पुढच्या वर्षीच्या फर्निचरच्या वर्गात पहिल्या श्रेणीशिवाय जागा नव्हती, आणि जागा मिळाली नाही तर मावशीच्या दुकानात बसायचं, असं आईने बजावलं होतं. ज्या पात्यांवर सगळा वर्ग पास झाला, ती घासणारीच नापासात जमा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला तोंड असतं तर मी सरांना खडसावलं असतं.

संध्याकाळी ती सरांसमोर उभी राहिली. सर करवतीला तेल देत होते. नियम सगळ्यांना सारखा, एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

"सर, मी रोज येत होते. नळापाशी होते. तुम्हीच पाठवलं होतं."

"ते महिन्याभरासाठी. नंतर काका धार लावत होते."

"विचारा त्यांना."

सरांनी काकांना हाक मारली. काका दाराशी येऊन पायाने भुसा सारत राहिले. "तीच लावायची," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

त्या माणसाच्या पायाच्या बोटांवर धपकन पडावं, असं मला फार वाटलं. सरांचा चेहरा उतरला. पेन काढून त्यांनी तिसरी श्रेणी खोडली, पहिली लिहिली आणि म्हणाले, झालं, आता जा घरी. मुंगी हलली नाही. तिच्या बोटांची टोकं दगडाने झिजून काळी पडली होती. तीच बोटं तिने टेबलावर घट्ट रोवली.

"पहिल्या तासाला तुम्ही लाकडाचे सांधे शिकवलेत, सर. मी एकही शिकले नाही. पुढच्या वर्गात मी काय जोडू? नुसत्या श्रेणीवर मी जाणार नाही. ते तास मला द्या."

सरांनी करवत बाजूला ठेवली आणि दोन फळ्या काढल्या.

आता शाळा सुटल्यावर रोज सर शिकवतात आणि मुंगी खाचा पाडते. दगडापाशी काका बसतात, कंबर धरून, कुरकुरत. त्यांना नीट जमत नाही. माझं पातं बोथट झालंय, लाकूड फाटतं, आणि मुलं विचारतात, या रंध्याला झालंय तरी काय?

मित्रांनो, याला धार कोण लावतं, हा प्रश्न त्यांनी वर्षभर आधी विचारायला हवा होता. तुमच्या हातातलं हत्यार छान चालत असेल, तर आजच जाऊन बघा, ते कोण चालतं ठेवतंय, आणि त्या वेळी त्याचा बिल्ला कुठे आहे.